अप्पा निघाले आहेत

पुण्यात सायकलस्वारांच्या सध्या तीन जाती आहेत. पहिली जात सायकलशिवाय दुसरं काही परवडत नाही म्हणून सायकल चालवणाऱ्यांची. ही माणसं पहाटे कामाला जातात, रात्री परत येतात आणि त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष जात नाही. दुसरी जात मोटार परवडते म्हणून सायकल चालवणाऱ्यांची. ही मंडळी रविवारी पहाटे अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून मुळशीच्या रस्त्याला लागतात आणि सोमवारी ऑफिसला मोटारीने जातात. तिसऱ्या जातीचे आता फार थोडे उरलेत. परवडण्या-न परवडण्याचा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नाही. सगळं शहर सायकलवर होतं तेव्हा ते सायकलवर बसले. पुढे शहर उतरलं, हे उतरले नाहीत. आमच्या इमारतीतले अप्पा या तिसऱ्या जातीचे.

अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. नोकरीत असताना लोकांच्या तारा जोडून देणं हे त्यांचं काम होतं. आता तेच काम ते बिनतारी करतात. रस्त्यात भेटलेल्या माणसाचं आडनाव, मूळ गाव आणि सासुरवाडी कळल्याशिवाय त्यांना पुढचं पायडल मारता येत नाही. त्यामुळे अप्पांच्या सायकलचा वेग काढायचा झाला तर तो किलोमीटरमध्ये काढून उपयोग नाही, तासाला किती ओळखी असा काढावा लागतो.

सायकल रॅले. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली, वडिलांनी घेतलेली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ही सायकल नारायण पेठेतल्या वाड्याच्या अंगणात उभी होती. पाणी ओसरल्यावर ती शेजारच्या वाड्यात सापडली, आणि शेजाऱ्यांची सायकल यांच्या अंगणात. दोन्ही घरांनी दुसऱ्या दिवशी अदलाबदल करून घेतली. शेजाऱ्यांची नवी होती, ही जुनी, तरी वडिलांनी हीच मागून आणली, हे सांगताना अप्पांचा आवाज अजूनही थोडा नाराज होतो. त्यानंतर तिचे टायर, ट्यूबा, चेन, फ्रीव्हील, आरे, सीट, दोन्ही पायडलं आणि एकदा पुढचा चिमटा असं सगळं बदलून झालं आहे. मूळचं म्हणावं असं उरलंय ते नळ्यांचा सांगाडा, घंटी आणि अप्पा.

शिवाय एक बिल्ला. पूर्वी सायकलवर कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. तो अप्पांनी अजून काढलेला नाही. दर दिवाळीला ते त्याला चिंचेने घासतात.

महिन्यातल्या एखाद्या रविवारी अप्पा लेकीकडे जातात. लेक विमाननगरला, अप्पा कोथरूडात वनाजपाशी, मधे अख्खं पुणं. वनाजहून मेट्रो आहे. मार्च २०२२ मध्ये ती गरवारे कॉलेजपर्यंत धावू लागली आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोचली. रामवाडीला उतरलं की विमाननगर हाकेवर. अप्पांना हे सगळं तारीखवार पाठ आहे, कारण काम चालू असताना त्यांनी खांबाखांबाशी थांबून इंजिनियरांना सूचना केल्या होत्या. मेट्रोबद्दल त्यांना जिव्हाळा आहे. 'आपण उभी केली' असंच ते म्हणतात. फक्त तिच्यात बसायची वेळ त्यांच्यावर अजून आलेली नव्हती.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर निघालो, भाच्याची गियरची सायकल घेऊन. अप्पांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"गियर किती?"

"एकवीस."

"आणि पाय?"

तयारी आदल्या संध्याकाळपासून चालली होती. चेनला तेल, ब्रेकच्या रबरांची तपासणी, पंपाने हवा. कॅरिअरला एक खाकी पिशवी; तिच्यात दोन पाने, स्क्रू ड्रायव्हर, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपर, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे, सुतळी आणि वर्तमानपत्र. पँटच्या पायाला लोखंडी क्लिप. काकूंनी लेकीसाठी कैरीच्या लोणच्याची बरणी आणली. बरणीच्या तोंडाला फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला सुतळी आणि सुतळीत ओवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर काकूंचा स्वतःचा मोबाइल नंबर.

"ही चिठ्ठी कशाला?" मी विचारलं.

"यांच्याबरोबर जातेय ना बरणी," काकू म्हणाल्या. मग त्यांनी लेकीला फोन लावला. "निघालेत गं. नाही, जेवणाचं नको धरूस. संध्याकाळच्या चहाचं धर."

सकाळचे साडेसात वाजले होते.

अप्पा टांग मारून सायकलवर बसतात. डावा पाय पायडलवर, उजव्या पायाने जमिनीवर दोन-तीन उड्या, आणि सायकलने वेग घेतला की उजवी टांग मागून कॅरिअरवरून पलीकडे. वयाच्या मानाने टांग चांगली उंच जाते. त्या दिवशी कॅरिअरवरची पिशवी तिच्याहून चार बोटं उंच निघाली. अप्पा एका टांगेवर उड्या मारत फाटकापर्यंत गेले, तिथे वॉचमनने त्यांना सायकलसकट धरलं. पिशवी सोडून पुन्हा आडवी बांधली. वॉचमन नांदेडकडचा. ते माहीत होतं, पण त्याच्या धाकट्या भावाचं लग्न ठरल्याचं त्या दिवशी कळलं.

मुख्य रस्त्याला लागल्यावर अप्पांनी सायकल मार्ग धरला. पुण्यात २००६ च्या अखेरीस बीआरटी आली, त्या सुमारास आणि नंतरही सायकलींसाठी वेगळे मार्ग आखले गेले. तो आपला हक्काचा रस्ता आहे आणि आपण तो चालवला नाही तर तो खाली होईल, असं अप्पा म्हणतात. खाली होण्याची चिंता मात्र त्यांनी करायला नको. सुरुवातीलाच चार स्कूटर उभ्या होत्या. अप्पा उतरले, वळसा घालून पुन्हा चढले. पुढे विजेची पेटी. उतरले, चढले. मग पोह्यांची गाडी. इथे उतरलेच, कारण पोहे गरम होते. त्यापुढे एक वडाचं झाड सायकल मार्गाच्या बरोबर मध्यावर उभं होतं. झाड आधीचं, मार्ग नंतरचा, तेव्हा चूक झाडाची नाही, एवढा न्याय करून अप्पा पुन्हा उतरले. झाडाच्या पलीकडे सायकल मार्ग संपला. का संपला, याचं कारण तिथे काही दिसत नव्हतं. तो नुसताच संपला होता.

इथे मागून दुसऱ्या जातीचा एक जथा आला. हेल्मेट, काळे चष्मे, पाठीला पाण्याची नळी. अप्पांची सायकल पाहून त्यांच्यातला एक तरुण थांबला.

"अंकल, व्हिंटेज आहे का?"

"नाही, कोथरूडची."

तो हसला. मग त्याने हँडलवरच्या छोट्या पडद्याकडे पाहून विचारलं, "अॅव्हरेज स्पीड किती पडतो तुमचा?"

"आजपासून धरायचा की बासष्ट सालापासून?" अप्पांनी विचारलं. तरुण थोडा गोंधळला. त्या गोंधळात अप्पांनी त्याचं आडनाव विचारून घेतलं. त्याचे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते असं निघालं. झालं. सकाळच्या पाळीला खडकीच्या रस्त्यावर सायकलींची कशी रांग लागायची, पाळी सुटली की रस्ता ओलांडायला माणसाला कसं उभं राहावं लागायचं, हे अप्पा रंगून सांगू लागले. तो बिचारा एक पाय जमिनीवर टेकून ऐकत राहिला. त्याच्या पडद्यावरचा सरासरी वेग त्या वेळी काय झाला असेल ते त्यालाच ठाऊक.

हे सगळं बदललं कसं, याचंही उत्तर अप्पांकडे आहे. १९७२ साली आकुर्डीला चेतक स्कूटर निघाली. सायकलींच्या या शहराला उतरवणारं वाहन शहराच्या वेशीवरच तयार झालं. त्या वेळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अप्पांनीही नंबर लावला होता. तो लागला तेव्हा त्यांनी तो मेव्हण्याला देऊन टाकला आणि त्याने खुशीने जे काही हातावर ठेवलं त्यात रॅलेचं ओव्हरऑइलिंग करून घेतलं. मेव्हण्याची चेतक केव्हाच भंगारात गेली. मेव्हणे भेटले की अप्पा तिची चौकशी करतात.

नळ स्टॉपला पहिला खरा प्रसंग गुदरला. अप्पा वळायच्या आधी हात दाखवतात. नुसता नाही, खांद्यातून सरळ, तळवा उघडा ठेवून, सायकल शिकताना शिकवला होता तसा. चौकात असा हात बाहेर काढल्यावर पदपथावरच्या एका मुलाने त्या तळव्यात जाहिरातीचा कागद ठेवला. अप्पांनी हात मागे घेऊन कागद वाचायला सुरुवात केली. हात मागे घेतला म्हणजे म्हातारा सरळ जाणार, असं मागच्या रिक्षावाल्याने धरलं. कागद व्यायामशाळेचा होता, वार्षिक वर्गणीत सवलत. तो वाचता वाचता अप्पा वळले. रिक्षावाल्याने ब्रेक मारला, त्याच्या मागच्याने मारला, त्याच्या मागच्याने मारला, आणि भोंग्यांचा एकच गजर उठला.

"ओ काका, हात दाखवा की!"

"दाखवला होता," अप्पा शांतपणे म्हणाले. "यांनी त्यात कागद दिला."

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

डेक्कनला पोचेपर्यंत नऊ वाजून गेले. तिथे उभं राहून अप्पांना भाड्याच्या सायकली आठवल्या. २०१७ च्या शेवटाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुण्यात मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या होत्या. थोड्याच काळात त्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. अप्पांच्या लहानपणी तासाच्या बोलीवर सायकल मिळायची. दुकानदार सायकल द्यायचा तो ओळखीवर. अमक्यांचा मुलगा, तमक्या वाड्यातला, एवढं त्याला पुरे व्हायचं. "त्या मोबाइलला आडनावच माहीत नव्हतं," अप्पा म्हणाले. "सायकली परत येणार कशा?"

लकडी पुलावर ते मधोमध थांबले. हा थांबा ठरलेला असतो. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, इथे पहिला पूल लाकडाचा बांधला गेला. आजचा दगडी असला आणि त्याचं नाव संभाजी पूल असलं तरी लोक लकडीच म्हणतात. पानिपतानंतर बरोबर दोनशे वर्षांनी पानशेत. अप्पांच्या मते या दोन्ही वेळी पुणेकरांना आधी सूचना मिळाली होती आणि दोन्ही वेळी त्यांनी 'बघू' असं म्हटलं. हे ते मला सांगत असताना पुलावर आमच्या मागे एक बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारलं. अप्पांनी दाखवलं. बस मग आमच्या मागून हळूहळू पुलाच्या टोकापर्यंत आली.

अलका चौकातून लक्ष्मी रस्त्यात शिरायला बंदी आहे. रस्ता समोरून येणाऱ्यांचा. नियम म्हणजे नियम, म्हणून अप्पा उतरले, सायकल हातात धरली आणि चालत आत शिरले. चौकातला तरुण पोलीस पुढे आला.

"काका, नो एन्ट्री आहे."

"माहितेय. म्हणूनच उतरलो."

"पण सायकल आहे ना?"

"चालवली तर सायकल. हातात धरली की सामान. उद्या मी गादी घेऊन आलो तर गादीला नो एन्ट्री लावणार का तुम्ही?"

पोलिसाने क्षणभर विचार केला. "जावा काका."

"जावा काय? चुकलं असेल तर पावती फाडा."

"सायकलची पावती नसते हो. नंबर नाही तर मशिनीत काय टाकू?"

अप्पांना हे लागलं. एके काळी याच शहरात दिव्याशिवाय सायकल चालवली तर पोलीस पकडत. डबलसीट दिसली की दोघांना उतरवून चाकातली हवा सोडून देत, कधी व्हॉल्व्हची नळीही काढून घेत. अंधारात खांबाआड उभे राहत. अप्पांनी तरुणपणी दंड भरलाय, मैलभर सायकल ढकललीय, आणि या सगळ्याचा त्यांना अभिमान आहे. आता मशिनीला ते दिसतच नाहीत. दंड नाही, कर नाही, नंबर नाही. रस्त्यावर असूनही हिशेबात नाही, असं झालं आहे. त्यांनी त्या पोलिसाला मडगार्डजवळचा बिल्ला दाखवला. पोलिसाने वाकून पाहिलं आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"दंडाला चालेल?" अप्पांनी आशेने विचारलं.

"नाही हो काका, बायकोला पाठवतो. तिच्या आजोबांची पण सायकल होती."

"गाव कुठलं त्यांचं?"

बार्शी निघालं. बार्शीत कुठे, इथपर्यंत बोलणं येईस्तोवर चौकातली कोंडी टिळक रस्त्याकडे सरकली होती.

लक्ष्मी रस्त्यातून सामान हातात धरून जात असताना तुळशीबागेच्या तोंडाशी गर्दीत दुसरा प्रसंग घडला. कॅरिअरची स्प्रिंग एका स्टॉलवर टांगलेल्या फ्रॉकच्या हँगरमध्ये अडकली. अप्पा पुढे गेले, हँगर पुढे गेला, त्याला अडकलेला दुसरा हँगर गेला, आणि लहान मुलींचे सात-आठ फ्रॉक एका रांगेत अप्पांच्या मागून निघाले. मी ओरडलो, पण तुळशीबागेत ओरडण्याला अर्थ नसतो, तिथे सगळेच ओरडत असतात. एका बाईंनी चालता चालता त्यातला पिवळा फ्रॉक हातात धरून भाव विचारला. अप्पांना वाटलं, सायकलचा भाव विचारतायत. "विकायची नाही," ते म्हणाले. तेवढ्यात स्टॉलवाला धावत आला. भांडण होईल असं मला वाटलं. पण अप्पांनी त्याला फ्रॉक परत लावायला मदत केली, मापाप्रमाणे, लहान पुढे आणि मोठे मागे, आणि वर नातीसाठी एक विकत घेतला. स्टॉलवाल्याने दहा रुपये कमी केले. नात आता कॉलेजात आहे, हे अप्पांना बाहेर पडल्यावर आठवलं.

मंडईत भाजी. मंडईची दगडी इमारत १८८६ ची. तिच्या आठ बाजू अप्पा दर खेपेला मोजून बघतात. विमाननगरला मेथी मिळत नाही अशी त्यांची समजूत असल्यामुळे दोन जुड्या मेथी कॅरिअरला लागल्या. हँडलला एका बाजूला लोणचं होतंच; तोल साधायला दुसऱ्या बाजूला दोन किलो बटाटे आले. पुढच्याच सिग्नलला एक गाय शेजारी उभी राहिली. सिग्नल नव्वद सेकंदांचा होता. हिरवा लागला तेव्हा कॅरिअरवर मेथीच्या जुड्यांची सुतळी उरली होती.

"रविवार आहे. तिलाही बदल हवा," एवढंच अप्पा म्हणाले.

पुढचा रस्ता अप्पांना देवळांवरून माहीत आहे. गल्ल्यांची नावं महापालिका बदलते, देव बदलत नाहीत. सोन्या मारुतीवरून वळ, पासोड्या विठोबा टाळ, तिथे खोदलंय, कसबा गणपतीला नमस्कार करून पुढे. नमस्कार सायकल न थांबवता, एका हाताने. तांबट आळीत मात्र थांबले. ठोक्यांचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना कसब्यात आल्यासारखं वाटत नाही. मागच्या मडगार्डला पोचा आला होता. एका कारागिराने हातातलं पातेलं खाली ठेवून तो चार ठोक्यांत काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा अप्पांनी त्याला अर्धा किलो बटाटे दिले. हँडल पुन्हा एका बाजूला जड झालं.

मंगळवार पेठेत मागचं चाक बसलं.

पंक्चरवाला विशीतला होता. त्याने ट्यूब बाहेर काढली, पाण्याच्या घमेल्यात फिरवली आणि बुडबुडे यायची वाट पाहिली. अप्पाही स्टूल ओढून घमेल्याशी बसले. आपल्या ट्यूबवरचं प्रत्येक ठिगळ त्यांना तारखेनिशी माहीत आहे.

"हे सिंहगडच्या पायथ्याचं. हे माझ्या मेव्हण्याच्या लग्नातलं. हे बघ, हे इथलंच, मंगळवारातलं. तुझे वडील बसायचे का रे इथे?"

"काका, ट्यूब बदला. हिच्यात ट्यूबपेक्षा ठिगळंच जास्त आहेत."

"मग ठिगळं चांगली टिकलीत की."

मुलाने पॉलिश पेपरने घासलेली जागा अप्पांनी पुन्हा घासली. त्याने लावलेलं सोल्यूशन वाळायच्या आत त्याला ठिगळ लावू दिलं नाही. फुंकर घालायला मलाही बसवलं. अर्ध्या तासाने चाक उभं राहिलं. मुलाने पैसे घेताना हात जोडले. ते आदराने की सुटकेने, हे ठरवता येण्यासारखं नव्हतं. अप्पांनी टांग मारली. हँडल आता अगदी सरळ धावत होतं. दोन्ही बाजूंना सारखा भार आला म्हणून सरळ धावतंय, असं त्यांनी मला समजावलं. मलाही ते पटलं. बरणी दुकानात स्टुलाखाली राहिली होती, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

बंडगार्डनचा चढ अप्पांनी उतरून, गप्पा मारत पार केला. येरवड्यानंतर नगर रस्त्यावर आगाखान पॅलेससमोर चेन पडली. ती बसवताना दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले. पुसायला खिशातला व्यायामशाळेचा कागद उपयोगी पडला. १८९२ साली बांधलेल्या या वाड्यात गांधीजींना १९४२ पासून स्थानबद्ध ठेवलं होतं आणि कस्तुरबांनी इथेच देह ठेवला, हे फाटकाशी उभ्या असलेल्या एका परगावच्या कुटुंबाला सांगायला अप्पा गेले. काळे हात हलवत सांगणारा माणूस पाहून त्यांच्यातलं लहान मूल रडायला लागलं. अप्पांनी त्याला घंटी वाजवू दिली. मूल गप्प झालं. मग ते घंटी सोडेना. ते सोडवायला गांधीजींपेक्षा जास्त वेळ गेला.

विमाननगरात लेकीच्या इमारतीशी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. वर गेलो. दार काकूंनी उघडलं.

"आलात? पाय धुवा आधी. हात तर बघा."

अप्पा दारातच उभे राहिले. "तू कशी इथे?"

"मेट्रोने." काकू स्वयंपाकघराकडे वळल्या. "त्या मंगळवारातल्या मुलाचा फोन आला होता. म्हणाला, काकू, तुमचं लोणचं इथे आहे आणि तेल गळतंय, मुंग्या यायच्या आत न्या. मंगळवार पेठेला उतरले, बरणी घेतली, त्याला फोडी दिल्या चार, पुढच्या गाडीत बसले. दोन वाजल्यापासून इथे आहे. जेवण झालं, डुलकी झाली."

टेबलावर लोणच्याची बरणी होती, चिठ्ठीसकट. लेकीने चहा टाकला. संध्याकाळच्या चहाचं तिने बरोबर धरलं होतं. अप्पांनी पिशवीतून दीड किलो बटाटे, मेथीची सुतळी आणि सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक काढून टेबलावर ठेवला. कॉलेजातल्या नातीने तो फ्रॉक अंगाला लावून पाहिला आणि आजोबांच्या गळ्यात पडली. तेव्हा ही खरेदी वाया गेली असं कोणालाच म्हणता आलं नाही.

परत कसं जायचं, हा प्रश्न उठला. अंधार पडायला आला होता आणि अप्पांच्या सायकलचा डायनॅमो सध्या फक्त कुरकुरतो. मेट्रोत सायकल नेता येते, हे नातीने सांगितलं.

"सायकलने माणसाला न्यायचं असतं," अप्पा म्हणाले. "माणसाने सायकलला नाही. आणि एवढं वाहन गाडीत चढवायचं कसं?"

"सामान म्हणून," काकू म्हणाल्या. सकाळची अलका चौकातली हकीकत मी त्यांना चहा घेताना सांगितली होती. "हातात धरली की सामान ना?"

अप्पांकडे याला उत्तर नव्हतं. रामवाडीला आम्ही गाडीत चढलो. अप्पा दोन्ही हातांनी हँडल धरून दाराशी उभे राहिले. त्यांनी डब्यात सगळीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये, सगळ्यांच्या कानात बोळे. येरवडा गेलं, बंडगार्डन गेलं, स्टेशन गेलं, मंगळवार पेठ गेली. सकाळी ज्यासाठी दिवस घालवला ते सगळं काही मिनिटांत, कुणाचंही गाव न विचारता, खालून निघून गेलं. नळ स्टॉपच्या आसपास अप्पांना राहवेना. त्यांनी हलकेच घंटी वाजवली. डब्यातल्या सगळ्या माना वर झाल्या. समोरच्या मुलीने कानातला बोळा काढला आणि हसून विचारलं, "आजोबा, ही कुठली सायकल?"

वनाजला उतरेपर्यंत तिचं मूळ गाव सांगोला असल्याचं आम्हाला कळलं होतं आणि तिच्या शेजारच्या दोघांनी आपापली गावं न विचारता सांगून टाकली होती.

मेट्रोबद्दल अप्पांचं मत आता पक्कं झालं आहे. गाडी चांगली आहे, स्वच्छ आहे, वेळेवर धावते. फक्त तिला घंटी हवी.

तेव्हा पुण्यात रविवारी मोटार काढणाऱ्यांना एक सूचना. वाटेत काळ्या रॅलेवर, पँटला क्लिप लावलेले, उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर काढलेले एक गृहस्थ दिसले, तर भोंगा वाजवू नका. भोंगा ऐकून ते बाजूला होत नाहीत. कुणीतरी ओळखीचं हाक मारतंय असं समजून ते थांबतात, उतरतात, सायकल स्टँडला लावतात आणि तुमच्या खिडकीशी येऊन गाव कुठलं विचारतात. मग तुम्ही जिथे कुठे निघाला असाल तिथल्यांना फोन करून सांगा, जेवणाचं नको, संध्याकाळच्या चहाचं धरा.